पायी वारी केल्याने माणसाला स्वतःला नेमके काय मिळते?

आपण विचारले आहे की, आषाढीची पायी वारी करणाऱ्याला देवदर्शनाखेरीज स्वतःसाठी काय मिळते, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्याने त्यासाठी जवळजवळ तीन आठवड्यांची रजा खर्ची घालावी का. मी लालबागला राहतो, फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेब विभागात काम करतो आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशी वारी २०१९ आणि २०२२ मध्ये दोनदा पूर्ण चाललो आहे. आमच्या दिंडीत तिसावी-पस्तिसावी वारी करणारी माणसे होती, त्यामुळे हे उत्तर नवख्याचे समजूनच वाचावे.

आधी काय मिळत नाही ते सांगतो. वजन उतरत नाही. दिवसभर चालूनही माझे किलोभरसुद्धा उतरले नाही, कारण वाटेवरचे प्रत्येक गाव केळी, शेंगदाण्याचे लाडू, पिठले-भाकरी आणि चहा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असते आणि नाही म्हटलेले कोणी ऐकत नाही. मनःशांतीची जी कल्पना आपण मुंबईत बसून करतो तीही मिळत नाही. पहाटे तीन वाजता अंधारात टँकरखाली बादली धरून उभे असताना कोणाचे मन शांत असते, असे मला वाटत नाही. आणि विठ्ठलाचे दर्शन मिळेलच याचीही खात्री नसते. एकादशीच्या सुमारास रांग इतकी लांबते की असंख्य वारकरी चंद्रभागेत स्नान करून, कळसाला हात जोडून माघारी फिरतात. पहिल्या वर्षी मीही तेच केले आणि हळहळ वाटली नाही, याचे मला स्वतःलाच नवल वाटले.

शरीराचे म्हणाल तर खरी परीक्षा सुरुवातीलाच होते. पुण्याहून सासवडला जाण्याचा दिवस या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा, तीस किलोमीटरांहून अधिक, आणि त्यातच दिवे घाट चढायचा. छायाचित्रांत तो घाट फार देखणा दिसतो. चढताना मात्र मला पुढच्या माणसाच्या टाचांपलीकडे काही दिसले नाही. सासवडला पोहोचलो तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते आणि तिथून एसटीने दादरला परतण्याचा विचार मी अगदी गंभीरपणे केला. तिथे पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो, म्हणून मी वाचलो. पुढे जेजुरी, वाल्हे करत नीरा नदी ओलांडेपर्यंत शरीराची कुरकुर बंद पडते. २ जुलै २०१९ रोजी मुंबईत एवढा पाऊस झाला की शासनाला सुट्टी जाहीर करावी लागली. लोकल बंद पडल्याचे सांगायला पत्नीचा फोन आला तेव्हा मी लोणंदच्या बाजूला डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन चालत होतो, आणि आपले पाय दुखत नाहीत हे त्या क्षणी माझ्या प्रथम ध्यानात आले.

दुसरी गोष्ट जरा घरगुती आहे. माझे वडील गिरणीत होते आणि चाळीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीने बसून चाललेला तो हरिपाठ मला लहानपणी फार संथ आणि कंटाळवाणा वाटे. पाळ्यांच्या नोकरीत एवढी रजा मिळत नसल्याने वडिलांना पायी वारी कधी साधली नाही. ते दरवर्षी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाऊन येत. फलटणच्या अलीकडे एका सकाळी दिंडीत चालताना माझ्या लक्षात आले की अभंगाची जी लय खोलीत रेंगाळल्यासारखी वाटे, ती पावलात बरोबर बसते. टाळाचा ठोका आणि टाच एकाच वेळी पडतात आणि मग किलोमीटर मोजावे लागत नाहीत. वडील मांडी घालून जे वाजवत होते ते चालणेच होते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. हे त्यांना सांगावे, तर ते आता नाहीत.

परंतु आपल्या प्रश्नाचे माझे मुख्य उत्तर वेगळे आहे. वारीने मला घ्यायला शिकवले. हे विचित्र वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. मुंबईत आपण कोणाचे उपकार ठेवत नाही. शेजाऱ्याने डबा दिला तर तो रिकामा परत करत नाही, कोणी चहा पाजला तर पुढचा चहा आपला. माझ्यासारख्या जमाखर्चाच्या माणसाला तर बाकी राहिली की झोप लागत नाही. सासवडच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रस्त्याच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ गोणपाट अंथरून वारकऱ्यांच्या चपला शिवत बसले होते. त्यांनी अंगठा काढून टाकला, चामड्याचा नवा तुकडा बेतून लावला, आरीने चार टाके घातले आणि दोरा दातांनी तोडला. मी पन्नासची नोट पुढे केली, तर ती त्यांनी पाहिलीही नाही. चप्पल माझ्या पुढ्यात सरळ मांडली आणि वाकून माझ्या पावलांना हात लावला. मी दचकून पाय मागे घेतले. ते हसून म्हणाले, "पाय मागं घेऊ नका, माउली. मी काय तुमच्या पाया पडत न्हाई."

या वाक्याने मी निरुत्तर झालो. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, हे ऐकून माहीत होते. पण त्या नमस्कारात माझा काही संबंधच नाही, तो माझ्यावरून पुढे जाणारा आहे, आणि म्हणून तो अडवण्याचा किंवा फेडण्याचा मला अधिकारही नाही, हे तेव्हा उमगले. मी नोट खिशात ठेवली. किती वेळ ती खिशात बोचत होती म्हणून सांगू!

असाच दुसरा प्रसंग फलटणच्या मुक्कामातला. संध्याकाळी पालखी तळावर आली की समाज आरती होते. सगळ्या दिंड्या जमलेल्या असतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो आणि सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावला की तो कल्लोळ एकदम थांबतो. ज्या दिंडीला गाऱ्हाणे मांडायचे असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते आणि तिचे म्हणणे ऐकले जाते. एवढ्या जनसमुदायाची तक्रार नोंदवण्याची याहून सोपी पद्धत मी कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात. माझा चष्मा दुपारीच कुठेतरी पडला होता आणि लोकलमध्ये विसरलेल्या छत्रीची सोडावी तशी त्याची आशा मी सोडली होती. तो पुकारला गेला. निळ्या घरासकट, काच न फुटता. कोणी आणून दिला हे विचारले, तर देणारा नाव न सांगता निघून गेला होता. म्हणजे हीही बाकी माझ्या नावावर कायमची राहिली.

अठरा-वीस दिवसांत अशा बाक्या इतक्या साचतात की फेडण्याचा विचारच हास्यास्पद होतो, आणि त्यानंतर जो मोकळेपणा येतो तोच माझ्या मते पायी वारीचा वैयक्तिक लाभ. तो टिकतो का? प्रामाणिकपणे सांगायचे तर सगळा टिकत नाही. पहिल्या वारीनंतर गणपती येईपर्यंत मी पुन्हा कार्यालयात चहाच्या पैशांवरून कुरकुरू लागलो होतो. पण २०२० साली करोनामुळे पायी सोहळा झाला नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, त्या टाळेबंदीत आजारी असताना शेजाऱ्यांनी महिनाभर माझ्या दारात डबा ठेवला. तो मी संकोच न करता घेतला आणि रिकामे डबे धुऊन, रिकामेच परत केले. पूर्वी मला ते जमले नसते.

रजेबद्दल म्हणाल तर एकच दिवस पुणे-सासवड चालून येणारे मुंबईकर पुष्कळ असतात आणि त्यात गैर काही नाही, मात्र एका दिवसात माणूस पाहुणाच राहतो. मी लिहिले ते निदान आठवडाभर दिंडीत राहिल्याशिवाय अनुभवाला येईल असे वाटत नाही. पूर्ण रजा मिळत नसेल तर लोणंदपासून पुढे चाला, म्हणजे रिंगणेही, म्हणजे वारकऱ्यांच्या मधून माउलींचा अश्व धावतो ते सोहळेही, पाहायला मिळतील. आळंदीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असते आणि तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी पंचांग पाहा, ओळखीच्या दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरून नाव आधी नोंदवा, आणि वारीसाठी म्हणून नवे बूट मुळीच घेऊ नका. पायाला बसलेल्या जुन्या चपलाच आणा. तुटल्या तर वाटेत शिवून मिळतात.