पियानोच्या बेसिक परीक्षा झाल्यात, आता संगीतकार शोपाँचं काय वाजवू? नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाची रचना) जमेल का?

नॉक्टर्न थोडं थांबू दे, आधी ओपस २८ (त्याच्या प्रील्यूड्सचा संग्रह) मधला चार नंबरचा ई मायनर प्रील्यूड, म्हणजे छोटी स्वतंत्र रचना, घे. १८३९ मध्ये छापलेल्या २४ प्रील्यूड्सपैकी हा एक, फक्त २५ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड), पण काय ताकद आहे त्यात! शोपाँच्या अंत्यविधीतही हा ऑर्गनवर वाजवला होता.

उजवा हात सुरुवातीला बी आणि सी या दोनच सुरांवर रेंगाळतो, खरी गोष्ट डाव्या हातात घडते, तिथे तेच कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) सारखे वाजत राहतात आणि मधूनच त्यातला एखादा सूर हळूच अर्धा स्वर खाली घसरतो. म्हणून पहिले काही दिवस नुसता डावा हात वाजव, प्रत्येक कॉर्ड एकदाच दाबून धर आणि कुठलं बोट सरकलं ते कानाने पकड. ते ऐकू यायला लागलं की पेडल कधी बदलायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही, हार्मनी (सुरांचा मेळ) बदलली की पाय आपोआप उचलला जातो. सोळा-सतराव्या बारला एकदाच उसळी येते, ती जपून ठेव, आधी जोर लावलास तर तिथे काही उरत नाही. आणि शेवटच्या तीन कॉर्डच्या आधीची शांतता पूर्ण घे, घाई नको प्लीज.

आर्गेरिच आणि पोलिनी या दोन नामवंत पियानोवादकांचं याचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐक.