महापालिकेची परवानगी आहे म्हणून शेजाऱ्याच्या खिडकीवर बोर्ड मारता येतो का?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. पहिल्या मजल्यावर तुमच्या मालकीचा गाळा, त्यात तुमचं क्लिनिक, आणि खालच्या शोरूमवाल्याने अख्ख्या एलिव्हेशनवर (इमारतीच्या दर्शनी बाजूवर) ग्लो साइन, म्हणजे दिव्यांचा बोर्ड ठोकलाय, तो तुमच्या दोन खिडक्या झाकून वर गच्चीच्या कठड्याच्याही पुढे गेलाय. वॉर्ड ऑफिसला गेलात तर "परवानगी दिलेली आहे" म्हणून परत पाठवलं. आता विषय संपला का, असं तुम्ही विचारताय.

अजिबात नाही. महापालिकेची परवानगी म्हणजे महापालिकेची हरकत नाही, एवढंच. तुमच्या खिडकीवर बोर्ड लावायचा हक्क ती कोणाला देऊच शकत नाही, कारण तो तिच्याकडे नाहीच. ही गोष्ट पक्की धरा, पुढचं सगळं यावरच आहे.

पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. मागायचं काय तर शोरूमवाल्याचा अर्ज, परवानगीपत्र, मंजूर ड्रॉइंग, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट आणि सोसायटीची एनओसी जोडली असेल तर ती. "ही त्रयस्थाची माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर बहुतेक येईलच, घाबरू नका, माहिती अधिकार कायद्याचं कलम ११ म्हणतं की शोरूमवाल्याला विचारा, तो नाही म्हणाला की विषय बंद असं म्हणत नाही. सरळ अपिलात जा.

कागद हातात आला की मापं घ्या. बऱ्याचदा गंमत इथेच असते, मंजुरी एका साइजला आणि उभं केलेलं दुसरंच. घाटकोपरला मे २०२४ मध्ये जे होर्डिंग पडून १७ माणसं गेली ते १२० बाय १२० फुटांचं होतं आणि महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. त्यामुळे साइज आणि स्टॅबिलिटी हे शब्द तक्रारीत असले की फाइल जरा लवकर हलते, हे कायद्याच्या पुस्तकात नाही पण आहे तसं.

आता कायदा. मुंबईबाहेरच्या महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागतो, त्यात कलम २४४ आकाशचिन्हांचं (आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे बोर्ड) आणि २४५ जाहिरातींचं (मुंबईत १८८८ चा कायदा, कलम ३२८ आणि ३२८अ). आपल्याच धंद्याची आपल्याच जागेवरची पाटी असेल तर परवानगीतून सूट आहे, पण ती पाटी दिव्यांची नको आणि आकाशचिन्हही नको. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहा आणि वर बघा, बोर्डाचा काही भाग मागे भिंत नसताना नुसत्या आभाळावर दिसतोय का? दिसत असेल तर ते आकाशचिन्ह, आणि त्याची परवानगी दोन वर्षांपेक्षा जास्त देताच येत नाही, शिवाय मंजुरीनंतर त्यात भर घातली तर ती रद्द होते. तिथूनच फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा.

एक सावधगिरी. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एटीएम बोर्डांच्या केसमध्ये म्हटलंय की नुसतं नाव लिहिलेला बोर्ड आपोआप जाहिरात ठरत नाही. समोरचा वकील हे काढणारच. म्हणून बोर्डवर ऑफर, मॉडेलचे फोटो वगैरे असतील तर तेही फोटोत येऊ द्या, आणि सगळी केस "जाहिरात" या एका मुद्द्यावर उभी करू नका.

तुमचा खरा मुद्दा भिंतीचा आहे. बाहेरची भिंत सोसायटीची, एकट्या चेअरमनच्या खिशातली नाही. सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली कमिटीचे आणि सभांचे मिनिट्स सभासदाला बघता येतात, लेखी मागा, ठराव झालाय की चेअरमनने परस्पर सही ठोकलीय ते कळेल. दुसरा मुद्दा खिडक्यांचा. प्रकाश-हवेचा सुखाधिकार, म्हणजे खिडकीतून येणारा उजेड-वारा शेजाऱ्याने अडवू नये हा हक्क, २० वर्षांच्या वापराने मिळतो, तुमचा गाळा तेवढा जुना नसेल तर त्या वाटेला जाऊच नका, मंजूर नकाशात खिडक्या आहेत आणि त्या झाकल्या हे म्हणणं जास्त सरळ. फायर विभागालाही वेगळी तक्रार द्या, पेशंट बसतात त्या जागेच्या खिडक्या बंद आणि बाहेरून वायरिंग, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

आणि शोरूमवाला म्हणतोय ना "मराठी पाटी सक्तीची म्हणून मोठी करावी लागली", ते हसण्यावारी न्या. देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, आकाराबाबत एवढाच नियम आहे, इंग्रजी लहान केलं असतं तरी भागलं असतं.

शोरूमवाला, सोसायटी आणि आयुक्त तिघांना एकच नोटीस वकिलामार्फत पाठवा, १५ दिवस द्या, नाहीतर दिवाणी कोर्टात बोर्ड काढायला लावणाऱ्या हुकमासाठी दावा. महापालिकेला पार्टी करणार असाल तर १९४९ च्या अधिनियमातल्या कलम ४८७ ची महिन्याची नोटीस लागते, ती आधीच मोजायला घ्या. वर्षभर गप्प बसलात तर कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारेल की इतके दिवस कुठे होतात. आणि रागाच्या भरात स्वतः वायर कापायला किंवा फ्लेक्स फाडायला जाऊ नका, उलटी तक्रार तुमच्यावरच व्हायची.