तालुक्याच्या न्यायालयात राजकीय ओळखीशिवाय वकिली उभी राहते का?

घरात कोणी वकील नाही, कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, अशा माणसाने आपल्याच तालुक्याच्या न्यायालयात वकिली सुरू करावी का, असे आपण विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी कामे पाहतो आणि माझ्याआधी आमच्या घरात कोणी काळा कोट घातलेला नव्हता. वकिली उभी राहते. मात्र राजकारण आपल्याला कुठे गाठणार, हे आधी ओळखून असावे.

माझ्या अनुभवात न्यायाधीशांसमोर ते फारसे गाठत नाही. मनाईचा, म्हणजे समोरच्याला काही करण्यापासून रोखण्याचा, अर्ज नीट लिहिलेला असेल आणि सातबारा, फेरफार क्रमाने लावलेले असतील, तर समोर पुढाऱ्याचा भाचा उभा असला तरी आदेश कागदावरच होतो. राजकारण असते ते काम मिळण्याच्या टप्प्यावर. नगरपरिषद, बाजार समिती, पतसंस्था, साखर कारखाना यांच्या पॅनेलवर कोणता वकील असावा हे तिथले सत्ताधारी ठरवतात, आणि संचालक मंडळ बदलले की पुष्कळदा वकीलही बदलतात. जिल्हा सरकारी वकिलासाठी कायद्याने सात वर्षांच्या वकिलीची अट घातली आहे, परंतु नेमणूक राज्य सरकारच करते.

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, शुल्काचा अडथळा बराचसा दूर झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क आकारता येत नाही. खरा अडथळा त्यानंतरच्या तीन वर्षांचा. ग्रामीण भागातील ज्युनिअरला दरमहा १५,००० रुपये द्यावेत, अशी सूचना भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, पण ती बंधनकारक नाही. आमच्याकडे पेट्रोलपुरते देणारा सीनिअरही उदार समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्याच मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेलाही तीन वर्षांची वकिली आवश्यक केली आहे, म्हणजे जे केवळ परीक्षेसाठी थांबले आहेत त्यांनाही याच काळातून जावे लागते.

नेमक्या याच काळात पुढारी जवळचे वाटू लागतात. वकिलाला जाहिरात करण्यास मनाई आहे, पण साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुकांच्या रांगेत ‘ॲड.’ लावून आपले नाव आणि फोटो झळकला, तर त्याला कोणी जाहिरात म्हणत नाही. (माझ्या मते ती जाहिरातच आहे, आणि महागडी.) कारण मग ‘भाऊंनी पाठवलंय’ म्हणत पक्षकार येतो, वकीलपत्रावर सही करतो आणि फीचा विषय निघाला की भाऊंचेच नाव पुढे करतो. सरकारी जागेवरील अतिक्रमणावरून ग्रामपंचायत सदस्याला अपात्र ठरवावे, असा ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ (१) (ज-३) खालचा एक अर्ज आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालवला, की गावातील दुसरा गट आपल्याकडे वाटपाचा दावासुद्धा घेऊन येत नाही. उलट सुरुवातीलाच दोन्ही गटांची साधी दिवाणी कामे हाती असतील, तर एका गटाचा वकील हा शिक्का सहसा बसत नाही.

तीन वर्षे घरचा खर्च आपल्या वकिलीवर अवलंबून नसेल, तर तालुक्यातच या. तेवढी सोय नसेल, तर आधी जिल्ह्याच्या ठिकाणी भरपूर काम असलेल्या कार्यालयात राहा, आणि तीन वर्षे पुरी होताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करा. तिथला मेहनताना थोडा असतो, पण प्रकरणे स्वतंत्रपणे चालवायला मिळतात. सीनिअर निवडण्यापूर्वी एक दिवस न्यायालयात मागच्या बाकावर बसा आणि त्यांचे ज्युनिअर उलटतपास घेतात की नुसत्या तारखा घेतात, एवढे पाहा.