‘जलसा’ म्हणजे मौज की सभा?

‘“काय जलसा चाललाय!” असे आपण चैन करणाऱ्याला उद्देशून म्हणतो, मग सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींनी आपल्या प्रबोधनाच्या कार्यक्रमांना जलसा हे नाव कसे दिले, आणि लिहिताना “जलसात” योग्य की “जलशात”?’ असा दुहेरी प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

जलसा हा शब्द अरबीतील ‘ज-ल-स’ या धातूवरून आला असून ‘बसणे’ हा त्या धातूचा अर्थ आहे. म्हणून जलसा म्हणजे मुळात बैठक किंवा सभा. मजलिस आणि इजलास ही त्याचीच भावंडे, आणि जुन्या महजरांत (न्यायनिवाड्याच्या कागदांत) भेटणारी ‘हाजीर मजालस’, म्हणजे सभेला हजर असलेली मंडळी, हीही त्याच कुळातली. गंमत अशी की ‘जुलूस’सुद्धा याच धातूचा आहे: आधी तख्तावर बसणे, आणि पुढे चक्क मिरवणूक! हिंदी-उर्दूत राजकीय सभेला आजही सहज जलसा म्हणतात. मराठीत मात्र ‘गाण्याचा जलसा’ रूढ झाला आणि बैठकीचा अर्थ मागे पडून मौजेचा पुढे आला.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार पुढे जलशांनी गावोगाव नेला. घाट तमाशाचा, ढोलकी-तुणतुणेही तेच. पण वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, राजा-राणीच्या जागी सावकाराचे व्याज, भटजीविना लग्न आणि मुलांची शाळा आली. तमाशा या नावाला चिकटलेला हलकेपणा टाळायचा आणि गाणे व सभा दोन्ही एका शब्दात सांगायची, म्हणून हे नाव सोयीचे वाटले असावे, असा माझा तर्क आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या जलशांनी ते नाव आंबेडकरी चळवळीत पक्के केले. याउलट १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले, तेव्हा जलशाऐवजी ‘पथक’ हा फौजी वळणाचा शब्द आला. कामगारांच्या लढ्याला तो शोभलाही. अण्णाभाऊंनी तर गणातले, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या वंदनातले, गणपतीचे स्तवन काढून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केले.

आता रूपाविषयी. पैसा-पैशात, ससा-सशाला, तसेच जलसा-जलशात; ‘जलसात’ हे रूप चूक आहे. अनेकवचन ‘जलसे’, आणि प्रत्यय लागताना ‘जलशांत’, ‘जलशांनी’.