काचकामाचं उन्हाळी शिबिर : लेकीला पाठवू का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एफ.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सुट्टीत दहा दिवसांचं काचकामाचं शिबिर करायचं म्हणते. पुढे अमेरिकेतल्या पिलचक या काचकलेच्या शाळेत जायचं तिच्या मनात आहे. तिचे बाबा म्हणतात, पैसे वाया जातील, हात भाजेल, आणि काचेवर कुणाचं पोट भरलंय? काय करू? – एक आई, कराड

उत्तर : ताई, पत्राखाली कराड वाचलं आणि ओगलेवाडी आठवली. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथे काचकारखाना काढला. प्रभाकर कंदील तिथलाच. काचेवर तुमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची चूल पेटली आहे, हे बाबांना जरूर सांगा.

पण लेकीला हवी आहे ती कारखान्यातली काच नव्हे. एकट्या कलाकाराने स्वतःच्या छोट्या भट्टीवर काच घडवायची, ही वाट अमेरिकेत १९६२ साली टोलेडोच्या संग्रहालयात काचकलाकार हार्वी लिटलटन यांनी घेतलेल्या कार्यशाळांपासून रुळली. त्यांचेच विद्यार्थी डेल चिहुली यांनी १९७१ मध्ये पिलचक सुरू केली. ते स्वप्न राहू द्या, पण आत्ता तिथला खर्च करू नका. आधी टॉर्चवरचं, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून मणी वगैरे घडवायचं काम इथेच शिकू दे.

त्यात नेमकं काय करतात? काचेची कांडी ज्योतीत धरली की टोक मधासारखं पातळ होतं. ते स्टीलच्या सळईवर गुंडाळायचं आणि सळई सतत फिरवत राहायची. हात क्षणभर थांबला की मणी एका बाजूला ओघळतो. मणी झाला तरी काम संपत नाही. तो साधारण पाचशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करावा लागतो. उघड्यावर ठेवला तर बाहेरची काच आधी आकसते, आत ताण अडकतो, आणि छान दिसणारा मणी दुसऱ्या दिवशी टेबलावर आपोआप तडकतो.

मला बघायचंय ते तिथेच. तीन-चार मणी तडकल्यावर ती पुन्हा कांडी उचलते का? घरी आल्यावर रंगांबद्दल बोलते की नुसत्या दमणुकीबद्दल? चित्रकलेत चुकलेली रेघ झाकता येते, इथे तशी सोय नाही. हे सोसायचा स्वभाव आहे की नाही, ते मार्कांवरून कळत नाही.

भाजण्याची भीती खरी आहे. सुती कपडे, बांधलेले केस, खेळती हवा, आणि ज्योतीची पिवळी झळाळी अडवणारा डिडिमियमचा चष्मा, एवढं हवंच. तरी कधीतरी चटका बसेल.

पोटाचं म्हणाल, तर नुसते मणी विकून घर चालवणं अवघड आहे, मी खोटी आशा दाखवणार नाही. पण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) सिरॅमिक आणि काच डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि तिची पदवी होईपर्यंत प्रवेशपरीक्षेच्या तयारीला वेळ आहे. संशोधन संस्थांना प्रयोगशाळेची काचेची उपकरणं घडवणारे हात लागतात. मुंबईत राजाबाई टॉवरच्या रंगीत काचांचं जतन झालं, तसलं कामही आहे. मला स्वतःला हे शेवटचं क्षेत्र तिच्यासारख्या चित्रकलेच्या मुलीला फार जवळचं वाटतं.

तेव्हा पाठवा. फक्त पैसे भरण्याआधी शिबिरवाल्यांना दोन गोष्टी विचारा : एका टॉर्चवर किती मुलं, आणि काम सावकाश थंड करायला भट्टी आहे का. भट्टी नसेल तर दुसरं शिबिर शोधा.