जुनी ऑडी ए३ की बीएमडब्ल्यू एक्स१?

पुण्यात रोज वापरायला या दोघींतली कुठली सेकंडहँड घ्यावी, असं विचारलंत. मी एक्स१ म्हणेन, पण 2016 नंतरची. त्याआधीच्या डिझेल एक्स१ची टायमिंग चेन (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) कुरकुरीसाठी बदनाम, आणि ती असते इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे. ती बदलायची वेळ आली तर नुसती मजुरीच घाम फोडते.

ए३ चालवायला फार गोड, पण बुटकी. पेट्रोल ए३ पाहत असाल तर तिचा ड्राय क्लच (तेलात न बुडवलेला क्लच) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी चालवून बघा. धक्के जाणवले तर सोडून द्या.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाडीला भुलू नका. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घालणारा नियम आला, त्याने भाव पडले. इथे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स सगळं वेगळं करावं लागतं.