आधी भीड चेपू द्या, मग दावं विकत घ्या

थोडी जमीन आणि दोन-चार जनावरं, असं स्वप्न बाळगणाऱ्यांचे प्रश्न या वेळी जास्त आलेत. अनुदान, कर्ज, दुधाचा भाव यांचा अभ्यास बहुतेकांनी पक्का केलाय. गायीच्या पाठीवर हात मात्र फारसा कुणी ठेवलेला नाही. म्हणून आज हिशेब बाजूला ठेवू आणि फक्त हाताळणीचं बोलू.

प्रश्न : भोरजवळ ३० गुंठे जमीन आहे, दोन गायी पाळायच्या आहेत. पण गाय नुसती फुसफुसली तरी माझा पाय मागे जातो. सुरुवात कुठून करू? (वाचक, पुणे)

भीती वाटते हे वाईट नाही. लाथ आधी खातो तो न घाबरणारा नवखा. गाय घेण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या गोठ्यावर महिनाभर रोज सकाळी जा, पण पाहुण्यासारखे उभे राहू नका. पहिला आठवडा शेण काढा, गव्हाण झाडा, कुट्टी टाका, पाणी दाखवा. तेवढ्यात जनावराला तुमचा वास आणि आवाज ओळखीचा होतो. खरारा, म्हणजे अंगावरून ब्रश फिरवणं, दुसऱ्या आठवड्यापासून.

गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही तो शेपटीमागचा पट्टा आणि अगदी नाकासमोरची जागा. म्हणून थेट मागून किंवा समोरून न जाता लांबूनच आवाज देत तिरकं खांद्याकडे जा. पहिला स्पर्श खांद्यावर, अख्खा तळहात टेकवून. बोटांच्या टोकांनी भीतभीत लावलेला हात तिला माशीसारखा लागतो आणि ती कातडी थरथरवते. नवखा तेवढ्यानंच दचकतो, मग त्याला बघून ती दचकते. एकदा टेकवलेला हात न उचलता मानेकडे आणि गळ्याखालच्या पोळीपर्यंत (लोंबत्या कातडीपर्यंत) सरकवा. पोळी खाजवून घेताना गाय मान लांब करून उभी राहिली की त्या दिवसाचं काम झालं.

आता लाथ. गाय पाय आधी थोडा पुढे घेते आणि मग बाजूला, मागे गोल फिरवते. त्यामुळे मागच्या पायापासून दोन-तीन फुटांवर उभं राहणं सगळ्यात वाईट, तिथं लाथ पुऱ्या जोरानं बसते. एक तर अंगाला खेटून उभे राहा, नाहीतर सहा-सात फूट लांब. भिंत आणि गाय यांच्या मध्ये शिरू नका. कासरा (जनावराची दोरी) हाताला कधीही गुंडाळू नका, घड्या घालून मुठीत धरा; जनावर बुजून पळालं तर गुंडाळलेला कासरा बोटं घेऊन जातो. खुंट्याची गाठ टोक ओढताच सुटणारी हवी, गळ्यातली मात्र आवळत जाणारी नको.

नुकती व्यालेली गाय, मग ती एरवी कितीही गरीब असो, वासराजवळ गेलेल्या अनोळखी माणसाला शिंगावर घेऊ शकते. आणि खिलार दिसायला देखणी असली, तरी तिचा तापटपणा नवख्याच्या कामाचा नाही. पहिली गाय दोन-तीन वेतांची, म्हणजे दोन-तीनदा व्यालेली, माणसाच्या हाताला सरावलेली घ्या.

प्रश्न : धार काढायला शिकतेय. सासूबाईंच्या हाताला गाय दोन्ही वेळा पाच-पाच लिटर देते, माझ्या हाताला दीड लिटरवर आटते आणि पाय झाडते. काय चुकतंय? (वाचक, सांगोला)

दूध आटत नाही, गाय पान्हा चोरते, म्हणजे दूध कासेत अडवून धरते. सड धुतले, चोळले की साधारण मिनिटाभरात पान्हा सुटतो आणि पाच-सात मिनिटंच टिकतो. नवख्या हाताला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून उरलेलं दूध कासेतच राहतं. त्यात गाय बिचकली तर पान्हा मध्येच थांबतो. सध्या सासूबाईंनी धार काढावी आणि शेवटची दोन मिनिटं तुम्ही बसावं. रोज अर्धा मिनिट वाढवा. बसायची बाजू, बादली, वेळ, आंबोण (धारेच्या वेळचा खुराक), काहीही बदलू नका.

हात तयार करण्यासाठी रबरी हातमोज्यात पाणी भरा, मनगटाशी बांधा आणि एका बोटाच्या टोकाला सुईनं भोक पाडा. अंगठा आणि तर्जनीनं सड वरच्या बाजूला बंद करायचा, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकामागून एक मिटत जायची. सड ओढायचा नाही, मुठीत दाबायचा. वरची पकड सैल राहिली तर दूध खाली येण्याऐवजी परत कासेत चढतं. मोज्यातही ते दिसेल. अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबण्याची सवय अनेक घरांत आहे. तिनं सडाला आतून इजा होते, ती उचलू नका.

पाय झाडण्याची कारणं बहुधा साधी असतात : तुमची वाढलेली नखं, गार पाणी, सडाला चीर. ती नसतील तर पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत काढून बघा. गुठळ्या किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर कासदाह आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला वेळ लागतो, तोवर अर्धा तास गाय खाली बसू नये.

प्रश्न : नोकरी ठाण्यात, जमीन मुरबाडला. शनिवार-रविवार जाऊन पाच शेळ्या सांभाळता येतील का?

नाही. शेळीला सोमवारही असतो. मुक्कामी, पगारी आणि जनावराची समज असलेला माणूस मिळत असेल तरच विचार करा, आणि पाच नव्हे, दोन-तीन घ्या. एकटी शेळी मात्र ठेवू नका, ओरडून जीव काढते. एका मोठ्या शेळीला दिवसाला साधारण चार किलो हिरवा चारा, किलोभर सुका आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक लागतो. छपराखाली १० ते १२ चौरस फूट जागा आणि मोकळं फिरायला त्याच्या दुप्पट. तुमच्याकडच्या पावसात जमीन ओली राहते, म्हणून फळ्यांचा उंच माचा करा, नाहीतर खुरं सडतात. लग्नातला उरलेला भात-पोळ्या माणूस प्रेमानं आणून टाकतो, तेवढं आधीच बजावून ठेवा. ते अन्न पोटात आंबतं आणि धडधाकट शेळी एका रात्रीत जाते.

प्रश्न : जनावर आजारी आहे हे नवख्यानं कसं ओळखायचं? आणि औषध घरी पाजलं तर चालतं का? (वाचक, संगमनेर)

आजार ओळखण्याआधी धडधाकट जनावर पाठ करा. डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) मूठ दाबून धरा : दोन मिनिटांत दोन-तीनदा पोटाची लाट मुठीला वर ढकलते. ती रोज तपासत गेलात तर थांबल्याचं लगेच कळेल. ताप गुदद्वारात मोजायचा. तापमापीच्या टोकाला तेल लावा, मागच्या टोकाला दोरी बांधून ती शेपटीच्या केसांना अडकवा आणि टोक थोडं तिरकं करून आतल्या भिंतीला टेकवा. शेणात खुपसलं तर आकडा कमी येतो. धडधाकट गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, शेळीचं १०२ ते १०३.५. भर उन्हात बांधलेल्या जनावराचं जरा जास्तच येतं, म्हणून सकाळी मोजा.

पाजण्याबद्दल सावध राहा. जीभ बाहेर ओढून, मान आभाळाकडे करून नळकांडं रिकामं करण्याची पद्धत जनावर मारते, कारण औषध फुफ्फुसात जातं आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. तोंड डोळ्याच्या पातळीच्या वर नेऊ नका. ओठांच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात तिथून, घोट-घोट सोडा, गिळू द्या. ठसका लागला की मान तत्काळ सोडा. पोटफुगीवर पाजलेलं गोडं तेल जास्त फसवं, ते श्वासनलिकेत गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. आणि तोंडातून लाळ गळतेय, गिळता येत नाही म्हणून घशात हात घालून बघू नका. ते पिसाळलेलंही असू शकतं. १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : शेळीचा गर्भपात झाला. घरात सून गरोदर आहे. काळजीचं कारण आहे का?

आहे. ब्रुसेला या जंतूचा संसर्ग हे गर्भपाताचं एक कारण आहे आणि तो माणसालाही होतो. सुनेनं गोठ्यात जाऊ नये, कच्चं दूध घरात कुणीच पिऊ नये. वार (गर्भासोबत पडणारं आवरण) आणि गर्भ हातमोजे घालून उचला, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. पण पुरण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून नमुना हवा का ते विचारा.

प्रश्न : बाजारात वय कसं बघायचं? व्यापारी सांगतो ते खरं धरावं का?

दात बघा. रवंथ करणाऱ्या जनावराला वर पुढचे दात नसतातच, कडक हिरडी असते, त्यामुळे खालचा ओठ दाबून बघताना सहसा चावा बसत नाही. शेळी साधारण सव्वा ते दीड वर्षात दोन दाती होते, पुढे वर्षागणिक एक जोडी धरा. गाय अडीच वर्षांच्या आसपास दुसी (दोन दाती) आणि साडेचार-पाचला जुळलेली, म्हणजे पुढचे सगळे पक्के दात आलेली. जुळल्यानंतर वयाचा अंदाज फक्त झिजेवरून, तिथं तुमच्यापेक्षा व्यापाऱ्याला जास्त कळतं. जाणता माणूस सोबत न्या. दुधाची गाय असेल तर सलग तीन वेळची धार समोर काढून घ्या, कारण बाजारात आणताना दूध तुंबवलेलं असतं. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहून घेऊन तिच्या लसीकरणाची नोंद दवाखान्यात तपासा, आणि मगच विसार द्या.